वहिनी, साहेबांना पाठवा!

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमची २००९ सालची मारुती ८०० मारुती मंदिरच्या चौकात थांबली की बंद पडू लागली. उभ्या गाडीच्या इंजिनचा वेग आपोआप वरखाली व्हायचा आणि बोनेट उघडले की कुठून तरी हवा ओढल्याचा सूंऽऽ असा आवाज यायचा. गॅरेजवाल्याने बोनेटला हातही न लावता निकाल दिला, "वहिनी, साहेबांना पाठवा. इंजिन खोलावं लागेल. तुम्हाला सांगून काय उपयोग?"

साहेब मुंबईत. येणार शिमग्याला. तोवर गाडी अंगणात आणि आम्ही रिक्षाच्या रांगेत!

मैत्रिणींनो, प्रश्न एका गाडीचा नाही. रत्नागिरी जिल्हा पिढ्यानपिढ्या मनीऑर्डरवर जगला. पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत. आणि इथली शेती, गुरे, म्हातारी माणसे, मुलांच्या शाळा, कोर्टकचेऱ्या बाईच्या अंगावर. सगळे ती निभावते. पण विहिरीवरचा पंप अडला, गिरणीचा पट्टा तुटला, गाडी बंद पडली की तिने थांबायचे. गणपतीपर्यंत, नाहीतर शिमग्यापर्यंत. हे थांबणे तिला कुणी शिकवले?

म्हणे, बाईला यंत्रातले कळत नाही. ज्या बाईने वर्षानुवर्षे रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारली, पिवळी ज्योत निळी केली, तिला हवा आणि इंधन यांचे प्रमाण कळत नाही? इंजिनमध्ये वेगळे काय घडते? इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे फिल्टरमधून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारी नळकांडी. ती आणि इंजिन यांच्यामध्ये गॅसकेटची पातळ पट्टी असते. ती पट्टी फाटली की वाटेतूनच जादा हवा शिरते, प्रमाण बिघडते, इंजिन धापा टाकते. एवढेच. हे "तुम्हाला सांगून काय उपयोग"?

म्हणून आम्ही दोघी मैत्रिणींनी मॅनिफोल्ड घरीच काढायचे ठरवले. त्या मॉडेलचे दुरुस्तीचे पुस्तक मिळवले. रबरी नळ्या तपासल्या, त्या धड होत्या. आदल्या दिवशी टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालवले. नळीतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडले. इंजिन निवल्यावर नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हे केल्यावाचून नटाला हात लावू नये, स्टड तुटतो. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. कूलंट बादलीत उतरवले आणि बादली झाकून ठेवली, कारण ते विषारी. प्रत्येक नळीला नि वायरीला चिकटपट्टी लावून नंबर घातला. नट एकदम न काढता कडेकडून मधल्या नटाकडे येत थोडे थोडे सैल केले. मॅनिफोल्ड हातात आले. इंजिनच्या उघड्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली, म्हणजे आत काही पडायला नको. गॅसकेट एका कोपऱ्यात फाटलेले होते. ॲल्युमिनियमवर ओरखडा उठू नये म्हणून जुने गॅसकेट लाकडी पट्टीने खरवडले. नवे बसवून नट मधून कडेकडे, पुस्तकात दिलेल्या मापाने आवळले. दोन दिवस गेले. इंजिन खोलावे लागलेच नाही!

आता नेहमीचे आक्षेप. एक, ताकद लागते. भरलेला हंडा बारा-पंधरा किलोच्या खाली नसतो आणि तो डोक्यावर घेऊन घाटी चढताना कुणाला बाईच्या नाजूकपणाची आठवण होत नाही. हे मॅनिफोल्ड त्याहून हलके. दोन, धोका असतो. असतोच! पण स्टोव्हच्या भडक्यात सुना जळत होत्या तेव्हा स्टोव्ह बाईच्या हातात देऊ नका, असे कोण म्हणाले? धोक्याचे कारण पुढे येते ते नेमके जिथे मजुरी आणि मान असतो तिथे. १९४८ च्या कारखाना कायद्यातले कलम २२ पाहा. चालू इंजिनाला तेल घालणे, ते साफ करणे, जुळवणे ही कामे इजेचा धोका असेल तिथे बाईला आणि अल्पवयीनांना देऊ नयेत, असा तो नियम होता. जणू पुरुषाची बोटे लोखंडाची! यंत्र सुरक्षित करा म्हणण्यापेक्षा बाईला बाजूला सारणे सोपे.

१९७४ साली पुण्याच्या टेल्कोने इंजिनियर हवेत अशी जाहिरात दिली आणि स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे त्यातच छापले. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. त्यांना नोकरी मिळाली. आज पुण्याच्या कारखान्यांत बायका मोटारी जोडतात. मात्र तीच मोटार गल्लीतल्या गॅरेजात गेली की पुन्हा "साहेबांना पाठवा". कारखान्याचे दार एका पत्राने किलकिले झाले. गॅरेजला जाहिरातच नाही, तर पत्र कुणाला लिहायचे? तिथला पोऱ्या पुस्तकातून शिकत नाही. उस्तादाशेजारी उभा राहून, पाने हातात देत शिकतो. मुलीला तिथे उभेच राहू दिले जात नाही.

आणि आपण काय केले, हेही विचारू या. सरकारी योजनेत बाईला शिलाई मशीन. बचत गटाला पापड, लोणचे, आंबापोळी. आपणही त्याच यादीवर सह्या करतो. आपल्या चळवळीने शिबिरांतून आरसा घेऊन स्वतःचे शरीर पाहायला शिकवले, डॉक्टरची मक्तेदारी मोडली. मग बोनेट उघडायला का बिचकतो? १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात महिला समाख्याच्या कामातून अक्षरओळखही नसलेल्या दलित, आदिवासी बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरणारी तीच, मग पंपाची जाणकार ती का नको? हाच तो साधा प्रश्न.

कुणी म्हणेल, मोटार म्हणजे सुखवस्तू बाईचे दुखणे. मग पंप घ्या, पॉवर टिलर घ्या, मिरकरवाड्यातल्या होडीचे इंजिन घ्या. पाना तोच.

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडू. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात मुलींच्या राखीव जागा खरोखर भरल्या जाव्यात. वर्कशॉपला लागून मुलींसाठी संडास असावा, वसतिगृह असावे. बचत गटाच्या कर्जात गोटी पान्यांचा संच आणि दुरुस्तीचे दुकानही बसावे. आणि पुढच्या शिबिरात एक दिवस भाषणाऐवजी एक बंद पडलेले इंजिन ठेवू या.

हात काळे होतील. होऊ देत! पुढच्या वेळी कुणी "साहेबांना पाठवा" म्हणाला, तर फाटके गॅसकेट टेबलावर ठेवून सांगू, "दादा, बिघाड काय ते मी सांगते. तुम्ही दर सांगा."