डमडमचा मतदारसंघ : नकाशा आणि जनता

कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठाने बरानगर, कामारहाटी, पानिहाटी, खडदह असा कामगारवस्तीचा सलग पट्टा पसरला आहे. येथे तागाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी याच परिसरात वसाहती वसवल्या. १९७७ च्या निवडणुकीत डमडम लोकसभा मतदारसंघ प्रथम अस्तित्वात आला, तो या भूमीवर.

२००८ च्या पुनर्रचनेने त्याचा आकार पालटला. बेलगाछिया पूर्व हा विधानसभा मतदारसंघ नाहीसा झाला. बिधाननगर आणि राजारहाट-न्यू टाउन ही नवी नगरे बारासात लोकसभा मतदारसंघात गेली. तेव्हापासून २००९, २०१४, २०१९ व २०२४ या चारही निवडणुकांत डमडममधून तृणमूल काँग्रेसचे सौगत राय निवडून आले. डाव्यांच्या पराभवाचे खापर नकाशावर फोडणे म्हणूनच सोपे आहे. परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

जुन्या सीमा कायम असताना डमडमने १९७७ मध्ये जनता पक्षाला, १९८० मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या नीरेन घोष यांना आणि १९८४ मध्ये काँग्रेसला कौल दिला. १९८९, १९९१ व १९९६ मध्ये पुन्हा मार्क्सवादी पक्ष विजयी झाला. १९९८ व १९९९ मध्ये मात्र भाजपचे तपन सिकदर निवडून आले आणि २००४ मध्ये मार्क्सवादी पक्षाने ही जागा परत घेतली. रेषा तीच, विजयी पक्ष चार! कामगारवस्तीत भाजपला वाट मिळाली ती आयोगाच्या लेखणीने नव्हे.

याचा अर्थ सीमांना महत्त्व नाही, असा मुळीच नाही. पुनर्रचनेच्या आदेशाला कायद्याचे बळ असते. आयोगाच्या कामात सहभागी होणाऱ्या खासदार-आमदारांना मताधिकार नसतो. जनतेच्या हाती उरतो तो मसुद्यावर हरकती व सूचना मांडण्याचा हक्क. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने पुढील फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर सोपवली आहे. त्या वेळी कोणती गिरणीवस्ती, कोणती निर्वासित वसाहत, कोणता नगरपालिका वॉर्ड एकत्र राहिला पाहिजे, हे नावानिशी व आकड्यांनिशी सांगता आले पाहिजे. ही तयारी मसुदा प्रसिद्ध झाल्यावर होत नाही. ती वस्तीवस्तीतील नित्य कार्यातूनच होते.

मतदारसंघाची रेषा आयोग आखतो. तिच्या आतील श्रमिकांची एकजूट मात्र कोणताही आयोग बांधून देत नाही आणि ती भक्कम असेल, तर कोणतीही रेषा तिला सहजासहजी तोडू शकत नाही.