यादी कुणाची?

कारकुनाच्या टेबलावर दोन प्रकारचे कागद असतात. एक फायलीत जाणारे, दुसरे स्वतःपुरते. 'तलाठ्याला फोन', 'नकाशा मागवणे', 'साहेब चिडलेत, दुपारनंतर भेटणे'. फायलीवर सरकारचा हक्क. चिटोऱ्यावर कुणाचा, हा प्रश्न पूर्वी पडतच नसे, कारण संध्याकाळी तो कचऱ्यात जायचा. आता तो मेल सर्व्हरवर असतो.

मी कला शाखेचा पदवीधर, पण ढोबळ रीत मलाही समजते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर टपाल, कॅलेंडर आणि कामांची यादी एकाच पेटीच्या निरनिराळ्या कप्प्यांत राहतात. २००७ च्या आवृत्तीपासून त्यात वेब सेवेची सोय आली. एखाद्या प्रोग्रॅमला 'वापरणाऱ्याच्या वतीने' वावरायचा अधिकार दिला, की तो कुणाचाही पासवर्ड न विचारता एकेकाच्या पेटीत शिरतो आणि कामाचे शीर्षक, मुदत, किती टक्के झाले, खालचा मजकूर, सगळे उचलून आणतो. 'खाजगी' अशी खूण केलेले कामही त्यातून सुटत नाही. ती खूण म्हणजे दारावरचा पडदा, कुलूप नव्हे.

वरिष्ठांची गरज खोटी नाही. मध्य प्रदेशात २०१० साली लोकसेवा हमी कायदा आला. मुदत चुकली तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० रुपये दंड. मग कुठे काय अडकले ते एका तक्त्यात बघावेसे वाटणारच. मुदती बघा, जरूर बघा. माझी हरकत मजकुराला आहे.

आमचे मोहगाव मराठी मुलखातले. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा सौसर-पांढुर्णा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, पण कचेरीची भाषा हिंदीच. फायल हिंदीत, साहेबांशी बोलणे हिंदीत. स्वतःला आठवण करून देताना मात्र माणूस घरच्या भाषेत लिहितो. घरी एक भाषा आणि कचेरीत दुसरी, हे गोव्याच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ती यादी म्हणजे आमच्यासाठी कचेरीतली शेवटची मराठी जागा. कुणीतरी वाचणार हे कळले, की तिथेही जपून, अहवालासारखी हिंदी सुरू होते आणि खरी आठवण परत खिशातल्या चिटोऱ्यावर जाते. साहेबांचा तक्ता भरतो, पण त्यात खरे काही उरत नाही.

वाट अवघड नाही. कोणते रकाने हवेत ते प्रोग्रॅमला सांगता येते. मुदत आणि स्थिती एवढेच मागावे. अधिकार ठराविक पेट्यांपुरता बांधता येतो, तो बांधावा. क्लाउडवरच्या एक्स्चेंजमधली ही जुनी सेवा २०२६ च्या ऑक्टोबरपासून बंद करायचे मायक्रोसॉफ्टने २०२३ सालीच जाहीर केले. तिच्या जागी आलेल्या मार्गात फक्त कामांपुरती वेगळी परवानगी देता येते, तेव्हा सबंध पेटीची किल्ली मागण्याचे निमित्तही उरत नाही. आणि यादी कधी, कुणासाठी काढली, ते त्या कर्मचाऱ्याला कळवावे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कचेरीच्या पेटीत तो किती चालतो, यावर वकील भांडोत. मला एवढेच म्हणायचे आहे, की सर्व्हर सरकारचा म्हणून त्यावरचे स्वगतही सरकारचे होत नाही.