मुलींचं वसतिगृह : बांधावं का, आणि कसं?

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयाच्या विकास समितीवर गेल्या वर्षापासून मी आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे या समितीवर समाजसेवेच्या क्षेत्रातली व्यक्ती घ्यावी लागते. त्या जागेवर बाईच घेतली की दोन्ही कामं होतात, असा हिशेब संस्थेने केला असावा. असो. मागच्या बैठकीत 'मुलींसाठी नवीन वसतिगृह' हा विषय आला. टेबलावर नकाशा पसरला गेला. तीन मजले, शंभर मुलींची सोय, भोवती उंच भिंत, भिंतीवर काटेरी तारा, एकच फाटक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, ठरावाआधी मला महिनाभर द्या, मी मुलींशी बोलून येते. त्यावर एक सदस्य म्हणाले, "मुलींना काय विचारायचं मॅडम? त्यांच्याच भल्यासाठी तर चाललंय."

मैत्रिणींनो, मुलींच्या वसतिगृहाला 'नाही' म्हणणं आपल्यातल्या कुणालाच जमणार नाही. मलाही नाही. एम.एस.डब्ल्यू. करायला मी शहरात जाऊ शकले ती वसतिगृहात कॉट मिळाली म्हणून. वडिलांनी आधी कॉटची पावती मागितली आणि मग प्रवेशाचा अर्ज भरू दिला. महाराष्ट्रात बायकांच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते राहण्याच्या सोयीसकट. विधवा मुलीला शिकवायचं तर आधी तिला त्या घरातून बाहेर काढून छप्पर द्यावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथे शिकलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रमही आधी राहण्याची जागा होता. कर्मवीरांच्या बोर्डिंगसाठी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा विकलं. या गोष्टी भाषणात सांगून नवी इमारत मंजूर करून घेणं सोपं आहे. माझी अडचण वेगळीच आहे.

आमच्या महाविद्यालयाला मुलींचं एक वसतिगृह आधीच आहे. गावाबाहेर दोन किलोमीटरवर, अनुदानातून बांधलेलं. त्यातल्या निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. आणि त्याच वेळी गावात, बसस्टँडच्या मागच्या गल्ल्यांमध्ये, पत्र्याच्या खोल्यांत चारचार-पाचपाच मुली भाड्याने राहतात. त्यात आमच्याच महाविद्यालयाच्या मुली आहेत. मालक संध्याकाळी येऊन 'कोण आलं होतं' विचारतो, लाइट बंद करतो, भाडं वाढवतो. मग या मुली वसतिगृहात का जात नाहीत? हा प्रश्न समितीत कुणी विचारला नव्हता.

हा बालाघाटाच्या डोंगरातला, ऊसतोड कामगारांचा तालुका आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं कारखान्यावर जातात आणि उन्हाळा लागला की परततात. मुकादमाकडून उचल मिळते ती हंगामाच्या आधी. वसतिगृहाची वर्षाची फी आणि अनामत मात्र जून-जुलैत एकरकमी भरायची असते. त्या दिवसांत या घरांमध्ये रोख पैसा नसतो, मागच्या उचलीचं देणं तेवढं असतं. खोलीत राहणारी मुलगी घरून ज्वारी आणते, डाळ आणते, गॅसवर भाकरी करते. वसतिगृहाच्या मेसला धान्य चालत नाही, रोख लागते.

याहून मोठी गोष्ट मला एका मुलीनेच दाखवून दिली. "मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल बंद असतं. तेव्हा तर आमच्या घराला कुलूप असतं. मी जायचं कुठे?" नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दिवाळीत फराळ करून वाट पाहणारी आई होती. या मुलीची आई त्या वेळी कारखान्याच्या तळावर खोपीत असते. सुट्टीत एक तर तिने फडात जायचं, नाही तर आजीकडे, नाही तर नवऱ्याकडे. जोडप्याचा एक कोयता धरतात, उचल कोयत्यावर मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईने लग्नं उरकली जातात हे आपल्याला नवीन नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मुलगी वर्षभर राहू शकेल अशी जागा इथे एक लग्न चार वर्षं पुढे ढकलते. पण ती वर्षभर उघडी हवी ना! ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना काढली, ती याच गरजेतून. आमच्या महाविद्यालयाच्या नियमावलीला तिचा वारासुद्धा लागलेला नाही.

या नियमावलीत 'फक्त अविवाहित' असंही कलम आहे. म्हणजे सोळाव्या वर्षी लग्न लावलं, अठराव्या वर्षी नवऱ्याने टाकलं आणि एकोणिसाव्या वर्षी ती पुन्हा पुस्तक घेऊन आली, तर तिला दार बंद. शारदा सदनाला सव्वाशेहून अधिक वर्षं झाल्यावर!

जुलै २०२४ पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी वगैरे घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ झालं. चांगलं झालं. पण राहण्या-जेवणाचा खर्च त्यात नाही, आणि खेड्यातल्या मुलीचा खरा खर्च तोच असतो. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पण आमच्याकडे वरच्या वाड्यांकडे जाणारी शेवटची गाडी साडेचारला सुटते आणि सायन्सच्या मुलींचं प्रॅक्टिकल पाचला संपतं. एक गाडी सहाला सोडली तर काही जणींना वसतिगृहाची गरजच उरणार नाही. आगाराकडे अर्ज करायला सिमेंट लागत नाही, बहुधा म्हणूनच तो कुणी केलेला नाही. बांधकामात ज्यांना रस असतो त्यांना राहणाऱ्यांत असतोच असं नाही.

आता कुलपाबद्दल. २०१५ मध्ये दिल्लीच्या मुलींनी 'पिंजरा तोड' म्हटलं, २०१७ मध्ये बनारसच्या मुली रस्त्यावर उतरल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१५ च्या विनियमांत स्वच्छ लिहिलं आहे की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. हे मी बैठकीत वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे मुलींना सहाला आत यावं लागतं. मुलांच्या वसतिगृहाला वेळच नाही, फाटकही नाही.

पण एका आईने मला जे ऐकवलं ते तुम्हालाही ऐकवायला हवं. ती म्हणाली, "बाई, कुलूप लावत असाल तर ठेवते पोरीला. नाहीतर लग्न लावून मोकळी होते. कारखान्यावर असताना मला झोप लागली पाहिजे." मी तिला विनियम सांगितले नाहीत. तिच्या भीतीला कारण आहे, आणि मुलगी इथे राहणार की नाही हे शेवटी तीच ठरवणार. शहरातल्या मैत्रिणींना पटणार नाही, पण रात्री आत येण्याची वेळ असावी असं माझं मत झालं आहे. ती मुलामुलींना एकच असावी, राहणाऱ्यांनी बसून ठरवावी आणि आईबापांसमोर सांगावी. मात्र भिंत आणि तारा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्या आईलाही समजावता येतं. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला. संशयित बाहेरून आलेला नव्हता, तिथेच काम करणारा होता. ओस मजल्यावरची एकटी मुलगी कुलपाच्या आतही एकटीच असते. रात्री मुक्कामाला असणारी, पूर्ण पगाराची महिला रेक्टर हवी. आमच्याकडे हे काम एका तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिकेवर ढकललेलं आहे, आणि ती पाचच्या गाडीने घरी जाते.

म्हणून माझं मत असं आहे की वसतिगृह बांधावं, पण शंभर जणींचं नाही आणि गावाबाहेर नाही. बसस्टँडजवळ संस्थेची जुनी शाळा पडून आहे, त्या जागेवर चाळीस जणींची सोय होईल. त्याआधी जुन्या वसतिगृहातले गठ्ठे हलवावेत, ते दिवाळीत आणि उन्हाळ्यात उघडं ठेवावं, फी हप्त्याने घ्यावी, मेसला धान्य चालवून घ्यावं, 'अविवाहित' हा शब्द खोडावा. याला फार पैसा लागत नाही. हे करून वर्षभरात त्या खोल्या भरल्या नाहीत, तर माझा अंदाज चुकला असं मी समितीत उभी राहून सांगेन.

बैठक पुढच्या महिन्यात आहे. तुमच्या भागातल्या वसतिगृहात मुलींनी स्वतः मेस चालवली असेल, नियम बदलून घेतले असतील, तर मला मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा, कागद हाताशी असला की बोलायला बळ येतं. मुलींच्या मागण्यांची यादी मी घेऊन जाणार आहेच. तिच्यात सगळ्यात वर नव्या इमारतीचं नाव नाही. कपडे वाळत घालायची दोरी वॉचमनच्या खोलीसमोरून हलवा, असं लिहिलं आहे.