चित्रकलेचा तास

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला द्यावयाचा, ही आपल्या शाळांतील जुनी रीत. मुलाच्या मनात साचलेले भय वा संताप शब्दांत मावत नाही, तेव्हा तो रेषांतून वाट शोधतो, याचा आपणांस विसर पडतो. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या तेरेझिनच्या छावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने घरादारापासून तुटलेल्या मुलांच्या हाती रंग दिले. १९४४ साली आउश्वित्झ येथे तिची हत्या झाली. त्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत. मागे उरली सुमारे ४,५०० चित्रे. चित्रांनी मरण टळले नाही. परंतु त्या काळोखातही मुलांना आपले मन मोकळे करता आले, याची ती साक्ष आहेत.

चवथीपूर्वी चित्रशाळेतील मातीत आणि दिवाळीत नरकासुराच्या सांगाड्यापाशी आपली मुलेही तासन् तास रमतात. तेथे त्यांना कोणी गुण देत नाही. अबोल झालेल्या, बिथरलेल्या मुलासही उपदेशाआधी असाच कागद व रंग मिळावा. गंभीर मनोविकारावर डॉक्टरांचे उपचार हवेतच. पण आठवड्यातील हा एक तास तरी शाळांनी हिरावून घेऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.