आधी दवाखाना, मग नागोबाचा नारळ

श्रावण शुद्ध पंचमीस पाटावर नागोबा रेखाटला जातो, वारुळाची पूजा होते. त्या दिवशी जमीन खणू नये, भाजी चिरू नये, असा वडीलधाऱ्यांचा दंडक. बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडण्याचेही हेच दिवस. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मस्तकावर नाग आहे, हाती पानपात्र आहे. दक्षिण आफ्रिकेतील झुलू व खोसा समाजांतही, पारंपरिक वैद्याला नदीच्या तळाशी सर्पाकडून विद्या लाभते, अशी श्रद्धा आढळते. सर्प आणि जल, दोन्ही तारक व मारक. म्हणूनच त्यांच्याविषयी आदर आणि सावधपणा हातात हात घालून येतात.

2019 आणि 2021 साली पंचगंगेचा पूर कोल्हापूरकरांनी अनुभवला. अशा वेळी साप कोरड्या जागेचा आश्रय घेतात. त्यांतील मण्यार रात्री फिरते. तिच्या दंशाने फारशी वेदना होत नाही, सूजही क्वचितच येते. जमिनीवर निजलेल्या वृद्धाने पहाटे पोटदुखीची तक्रार केली, पापण्या जड होऊ लागल्या, तर अपचन समजून थांबू नये. पुढे श्वास बंद पडू शकतो.

मांत्रिकाकडे गुण आल्याच्या कथा खोट्या असतातच असे नाही. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी विष न सोडता चावतो. मात्र विष भिनले असेल, तर प्रतिसर्पविषाच्या लसीवाचून उपाय नाही.

दंश झाल्यास रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात. दंश झालेला हात वा पाय फळी लावून स्थिर ठेवावा. आवळून बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे कटाक्षाने टाळावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. वृद्धांची नेहमीची औषधे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डॉक्टरांना अवश्य दाखवाव्यात. पावसाळ्यात त्यांना खाटेवर, मच्छरदाणीत निजवावे आणि उशाशी विजेरी ठेवावी.

आजी ‘आधी नागोबाला नारळ’ म्हणून हट्ट धरतील. त्यांच्याशी वाद घालू नये. ‘आजी, आधी दवाखान्यात जाऊ; घरी आलो की नारळ तुमच्याच हातून वाढवू,’ असे म्हणावे. श्रद्धेचा मान राहतो आणि मोलाचा वेळही वाचतो.