निरोपांचीही गावसंस्था हवी

२०२२ च्या पावसाळ्यात सांगोला तालुक्यातल्या एका गावी शेततळ्याची पाहणी करताना माझा मोबाइल खिशातून निसटून पाण्यात पडला. मोबाइल गेला त्याचे एवढे वाईट वाटले नाही. पण त्यात डाळिंब उत्पादकांच्या गटातले तीन वर्षांचे बोलणे होते. कोणाच्या बागेत तेल्याचा पहिला ठिपका कोणत्या तारखेला दिसला, त्याआधी पाऊस किती झाला होता, कोणती फवारणी लागू पडली आणि कोणती वाया गेली, हे सारे फोटोंसकट त्यात होते. बॅकअप घेण्याचा आळस माझाच, दोष कोणाला द्यायचा? गटातल्या शेतकऱ्यांना विचारले, तर जो तो म्हणे, "साहेब, मेमरी भरली म्हणून पुसून टाकलं." उलट माझ्या आधीच्या कृषी सहायकांनी शाईने लिहिलेली दैनंदिनी कार्यालयाच्या कपाटात सापडली. वीस वर्षांपूर्वीची, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. ग्रामपंचायतीचे दप्तर गावात, विकास सोसायटीची खातेवही गावात, दूध संस्थेचे रजिस्टर गावात. मग गावाच्या रोजच्या बोलण्याचे दप्तर तेवढे परक्याच्या वाड्यात का?

हे बोलणे आता करमणुकीपुरते राहिलेले नाही. कालव्याला पाणी कधी सुटणार, लाइट रात्रीची की दिवसाची, पंचनाम्याला कोण कधी येणार, कांद्याचा भाव काय निघाला, हे सगळे मोबाइलच्या गटावरच कळते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला तेव्हा मोबाइलवरच्या निरोपाची किंमत नदीकाठच्या गावांना नव्याने कळली. पण ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सअॅप जगभर बंद पडले आणि जवळजवळ सहा तास बंदच होते. दूरदेशी एका कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि आपल्या वाडीवरचा निरोप शेजारच्या वाडीवर पोचेना. हे बरे नव्हे.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याला परका नाही. दूध संस्थेचेच उदाहरण घ्या. गावात संस्था गावाची, सभासद गावाचे, रजिस्टर सचिवाकडे. पण दूध गावातच थांबत नाही. अनेक गावच्या संस्था मिळून संघ होतो आणि टँकर पुढे जातो. हे जमते कशामुळे? फॅट मोजण्याची रीत सगळीकडे एक आहे म्हणून. एका गावची संस्था बंद पडली म्हणून दुसऱ्या गावचे दूध नासत नाही.

संदेशांचेही असेच करता येते. सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू असणारा संगणक. तो निरोप घेतो, जपून ठेवतो आणि ज्याचा त्याला पोचवतो. असा सर्व्हर एखाद्या संस्थेने स्वतःचा ठेवायचा आणि इतरांच्या सर्व्हरशी ठरलेल्या एका रीतीने जोडायचा. 'जॅबर' नावाची अशी रीत १९९९ पासून आहे, 'मॅट्रिक्स' ही दुसरी २०१४ पासून. दोन्हींचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मॅट्रिक्समध्ये तर गटात ज्या ज्या सर्व्हरवरचे सभासद असतील, त्या प्रत्येक सर्व्हरवर संदेशांची प्रत राहते. एक बंद पडला तरी बाकीच्यांचे बोलणे चालू राहते. फोटोंचा बॅकअप मात्र वेगळा घ्यावा लागतो. फ्रान्सच्या सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याच मॅट्रिक्सवर 'चॅप' नावाची सेवा सुरू केली. आपल्याकडेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी कामासाठी 'संदेस' हे अॅप काढले, त्याचा सर्व्हर सरकारचा स्वतःचा आहे. सरकारला आपले बोलणे आपल्या घरात हवे वाटते, मग शेतकऱ्याला का वाटू नये?

आणखी एक फायदा आहे. स्वतःच्या सर्व्हरवर सभासदाला नाव देता येते, मोबाइल नंबर सर्वांना दाखवावा लागत नाही. आजवर गटात नंबर गेला की आठ दिवसांत औषधवाल्यांचे फोन सुरू होतात, हा अनुभव कोणाला नाही? बचत गटाच्या कितीतरी भगिनी शेतीच्या गटात येत नाहीत, त्याचे कारण हेच आहे. त्या मोकळेपणाने येतील.

आता दुसरी बाजू. सहकारातून गावोगाव संगणक नेण्याचा प्रयोग आपल्या राज्यात पूर्वी झालेला आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात वारणा समूहाच्या ७० गावांत केंद्र आणि राज्य सरकारच्या मदतीने संगणक केंद्रे उभी राहिली. स्वप्ने मोठी होती. पुढे पाहणाऱ्यांना आढळले की केंद्रांचा खरा वापर उसाची नोंद, वजन, खताचा हिशेब यासाठीच होतो. २००६-०७ च्या सुमारास काही गावांत तेच काम संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहण्यात आले आणि ते जमलेही. यातून शिकायचे ते हे की, रोजच्या गरजेचे असेल तेच टिकते आणि यंत्र बसवण्यापेक्षा ते सांभाळणे अवघड असते. सचिवाशिवाय संस्था चालत नाही. सांभाळणाऱ्यावाचून सर्व्हरही चालणार नाही.

म्हणून ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात संगणक ठेवून मोकळे व्हा, असे मी म्हणणार नाही. लाइट गेली की तो बंद. त्यापेक्षा शहरातल्या सर्व्हर-केंद्रात जागा भाड्याने घ्यावी. लहान सर्व्हरला महिन्याला पाचशे ते हजार रुपये पुरतात. पाच-सहा गावांनी मिळून केले, तर चहापाण्यापेक्षा खर्च कमी.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून १४ अॅपवर बंदी घातली. त्यात मॅट्रिक्सवर चालणारे 'एलिमेंट' हे अॅपही होते. तेव्हा कोणते अॅप वापरायचे ते आधी तहसील आणि पोलिस ठाण्यात लेखी विचारून घ्यावे. लोकांची माहिती आपल्या ताब्यात आली की २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

आणि अफवांचे काय? हा प्रश्न सोलापूरकरांनी तर विचारलाच पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मोबाइलवरच्या अफवेने पाच माणसे नेली. स्वतःच्या सर्व्हरने अफवा आपोआप थांबेल, असे खोटे आश्वासन मी देत नाही. एवढेच म्हणतो की, जिथे सांभाळणारा ओळखीचा आणि गावाला उत्तर देणारा आहे, तिथे खोटा निरोप काढून टाकायला आणि "हे खोटं आहे" असे त्याच जागी सांगायला कोणीतरी असते.

माझी सूचना लहानच आहे. तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा विकास सोसायटीने शेजारच्या पाच गावांसाठी एक सर्व्हर फक्त एका बहारापुरता चालवून पाहावा. काम एकच ठेवावे, बागेतल्या रोगांची तारीखवार नोंद. सांभाळणारे दोघे असावेत. एकाची बदली झाली, लग्न झाले किंवा पुण्याला नोकरी लागली, तरी दुसरा राहील. दर आठवड्याला बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवावा. खर्च वार्षिक अंदाजपत्रकात घालून सभेत मंजूर करावा, म्हणजे तो कोणाच्या मेहेरबानीवर राहणार नाही. जुने गट लगेच बंद करू नयेत, दोन्ही शेजारी चालू द्यावेत. बहार संपल्यावर हिशेब मांडावा. उपयोग झाला तर दुसऱ्या गावांना जोडावे, नाही तर बंद करावे.

गावोगाव संगणक परिचालक आहेत, बारावी झालेली हुशार पोरे घरी बसून आहेत. त्यांना हे काम शिकवता येईल. सरपंचांनी आणि सोसायटीच्या चेअरमननी पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, ही कळकळीची विनंती. माझी तीन वर्षांची नोंद शेततळ्यात गेली ती गेली. पुढच्या कृषी सहायकाच्या हाती मात्र काहीतरी राहावे.

(लेखक सोलापूर जिल्ह्यात कृषी विस्ताराचे काम करतात.)