शरदात गंगाबलची वाट

दिवाळीची सुट्टी जवळ आली की काश्मीरच्या सफरीविषयी विचारणारी पत्रे आमच्याकडे येऊ लागतात. चिनार कधी रंग बदलतो, केशराची फुले कधी दिसतात, असे नेहमीचे सवाल असतात. यंदा दोन-तीन घरांतून वेगळी विचारणा आली आहे. मुले मोठी झाली, सह्याद्रीतले गड चढून झाले. आता श्रीनगरहून एखाद्या उंचावरच्या तळ्यापर्यंत पायी जाता येईल का? येईल. पण शरदात, म्हणजे काश्मिरी लोक ज्याला हरुद म्हणतात त्या दिवसांत, त्या वाटेची तऱ्हा निराळी असते. आम्ही ती एकदा चुकून शिकलो आहोत, म्हणून या महिन्याचे पान तिच्यासाठी.

तळे म्हणजे गंगाबल. गांदरबल जिल्ह्यात ५,१४२ मीटर उंचीच्या हरमुख शिखराच्या पायथ्याशी, सुमारे ३,५७० मीटरवर ते आहे. लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास. शेजारीच नुंदकोल हे धाकटे तळे. काश्मिरी पंडितांसाठी गंगाबल फार पवित्र आहे, आणि वाट जिथून सुरू होते त्या नारानागला जुन्या दगडी मंदिरांचे अवशेष उभे आहेत. १८५६ मध्ये माँटगोमेरी नावाच्या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याने हरमुखच्याच बाजूने काराकोरमची शिखरे टिपली आणि त्यांतल्या एकाला के-टू हे नाव मिळाले.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. नारानागच २,१०० मीटरच्या वर आहे. म्हणजे जिथे गाडीतून उतरायचे, तीच जागा महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकापेक्षा वर. तिथून पंधरा किलोमीटरच्या आसपास चालत आणखी चौदाशे मीटर चढायचे.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे निघालो. आम्ही दोघे, कॉलेजात जाणारा मुलगा आणि नववीतली मुलगी. सासूबाई श्रीनगरात नातलगांकडे थांबल्या. कंगनहून डावीकडे वळून नारानागला पोहोचलो, एक घोडेवाले चाचा ठरवले आणि सकाळी चढायला लागलो.

पहिला टप्पाच सर्वांत कडक आहे. देवदार-चीडच्या रानातून वाट नाकासमोर वर जाते. शरदात पाऊस कमी, त्यामुळे चिखल नसतो. पण वाळलेली माती आणि चीडच्या सुया यांच्यावरून बूट सटकतात. चढताना जाणवत नाही, उतरताना गुडघे सांगतात. हातात काठी हवीच. पाणी खालूनच भरून घ्यावे, कारण उन्हाळ्यात वाहणारे बारीक झरे या दिवसांत आटलेले असू शकतात.

रान संपले की त्रुंखोलचे कुरण लागते. उन्हाळ्यात इथे बकरवालांचे कळप असतात, कोठ्यांतून धूर निघत असतो, विचारायला माणूस असतो. सप्टेंबरात ही मंडळी कळप घेऊन खाली उतरू लागतात. आम्ही गेलो तेव्हा एकही घर चालू नव्हते. गवत तांबूस झालेले, भूर्जांची पाने पिवळी, आणि चहूकडे इतकी शांतता की मुलगी हळू आवाजात बोलू लागली. शरदाची खरी नियामत हीच, आणि धोकाही हाच. पाय मुरगळला तर मदतीला येणारा कोणी नाही.

तंबू लावून झाल्यावर मुलीचे डोके दुखू लागले. संध्याकाळी तिने जेवण टाकले. थकवा असेल असे आम्ही स्वतःला समजावले. खरे म्हणजे एका दिवसात हजाराहून जास्त मीटर चढून तिथेच झोपणे ही आमची चूक होती. तीन हजार मीटरच्या वर रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर जाऊन झोपू नये, असे डॉक्टर सांगतात. आम्ही आदल्या रात्री श्रीनगरात झोपलो होतो. निदान एक मुक्काम नारानागला करायला हवा होता.

पहाटे तंबूचे कापड वाकलेले दिसले. रात्रीत बर्फ पडला होता. फार नाही, घोट्याएवढा. पण कुरणातली वाट म्हणजे पावलांनी दबलेले गवतच; ते झाकले की वाट उरतच नाही. हरमुख ढगात गेलेला. तळे तिथून फार लांब नव्हते.

मुलगा म्हणाला, “अब्बू, तुम्ही दोघी इथे थांबवा, मी चाचांबरोबर जाऊन येतो.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. इतका खर्च, इतकी तयारी, पुन्हा येणे कधी होणार! चाचांनी घोड्याच्या पाठीवरचा बर्फ झटकला आणि एवढेच म्हणाले, “ऊपर कुछ दिखेगा नहीं. बच्ची को नीचे ले चलिए.”

आम्ही खाली उतरलो. रानात उतार ओला आणि निसरडा झाला होता. चार तास लागले. नारानागला पोहोचेपर्यंत मुलीचे डोके थांबले होते, तिने भात मागितला. मुलगा श्रीनगरपर्यंत आमच्याशी बोलला नाही. सासूबाईंनी मात्र नातीचा चेहरा पाहिला आणि काही विचारले नाही.

तीन वर्षांनी सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा गेलो, आधी नारानागला एक रात्र काढून. त्या वेळी नुंदकोलपर्यंत वाट कोरडी मिळाली. दोन तळ्यांच्या मधला ओढा शरदात उतरलेला असतो, पण सकाळी त्यातल्या दगडांवर काचेसारखा पातळ बर्फ असतो. ऊन पडेपर्यंत थांबून मगच पाय टाकावा. गंगाबलच्या काठावर आम्ही तासभर बसलो. मुलगाच सर्वांत आधी उठला आणि म्हणाला, “ढग येतायत, निघू या.”

आता विचारणाऱ्या घरांसाठी थोडक्यात. जायचे तर सप्टेंबर बरा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर बर्फ कधीही गाठू शकतो, आणि दिवाळीची सुट्टी तर बहुधा त्याच्याही पुढे असते. त्या सुट्टीत गेलात तर नारानाग पाहा, रानात थोडे चढा आणि परत फिरा; चिनार तेव्हा खोऱ्यात असतोच. श्रीनगरपेक्षा तळ्याकाठी बारा-तेरा अंश जास्त थंडी धरून चाला. श्रीनगरात रात्री पाच अंश असतील तर वर शून्याच्या बरेच खाली. पिण्याची बाटली रात्री अंथरुणात घ्यावी, नाहीतर पहाटे वजूलाही पाणी मिळत नाही. चामडी मोज्यांवर मसह करण्याची जी मुभा मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री आहे, तिचे मोल अशा थंडीत कळते.

दिवस लहान असतो. ऑक्टोबरच्या मध्याला मगरिब सहाच्या आत होते आणि डोंगराची सावली त्याआधीच पडते. दुपारी एकपर्यंत जिथे असाल तिथून मागे वळायचे, हे निघतानाच ठरवून घ्यावे. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा तोल जाणे दिसले तर सकाळची वाट पाहू नये, खाली उतरावे. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, आणि वर पोस्टपेडचाही भरवसा धरू नये.

आणखी एक. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामजवळ बैसरणला झालेल्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली अनेक ठिकाणे बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडू लागली. म्हणून तिकिटे काढण्याआधी ही वाट खुली आहे का, परवानगी कोणाची लागते, हे जिल्हा प्रशासनाकडे विचारून घ्या. ओळखपत्रे सर्वांची बरोबर ठेवा, आणि स्थानिक वाटाड्याशिवाय निघू नका.

तो “वर दिसणार नाही” म्हणाला, तर त्याचे ऐका. पैसे त्याला ठरल्याप्रमाणे पूर्ण द्या. परत फिरवल्याबद्दल कापू नका.